पहिलंच 'नको' खरं धरलं

फेटा बांधताना माणसाचं डोकं माझ्या छातीपाशी येतं. उभं आयुष्य मी लोकांची डोकी अशी वरनं बघितली. टकली, तेल चोपडलेली, कलप लावलेली. पुढाऱ्यांची, नवरदेवांची, नवरदेवाच्या रुसून बसलेल्या मामांची. शाळा माझी चौथीत सुटली, पण माणसांची डोकी मी बघितली तेवढी हेडमास्तरानं बघितली नसतील. आणि सगळ्या डोक्यांची एक गोष्ट सारखी. कापड घेऊन पुढं गेलं की तोंड म्हणतं, "अहो नको, मला कशाला, थोरल्यांना बांधा की." आणि हे म्हणता म्हणता मान खाली येते. तोंड एक बोलतं, मान दुसरं बोलते. मी मानेचं ऐकत आलो.

हे मला वडलांनी शिकवलं. तेही फेटेच बांधायचे. ते म्हणायचे, "नको म्हणाला म्हणून हात थांबवायचा न्हाय. तुझा हात थांबला तर त्याची पंचाईत हुती. त्याला बांधून घ्यायचाच असतोय." फेट्याचा पीळ मी पुढं माझ्या हातानं शिकलो आणि वडलांच्या वरताण शिकलो, हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. कागलपासून पुढच्या साऱ्या टापूत माझ्यासारखा फेटा कोणी बांधत नव्हता. मी तसं लोकांच्या तोंडावर म्हणायचो. लोक हसायचे, "गडी रग्गील हाय," म्हणायचे, आणि लगीन ठरलं की पहिला निरोप मलाच धाडायचे.

आमच्याकडं 'नको' म्हणायची रीत होती. आता आहे म्हणवत नाही. चहा आला, नको. पाट मांडला, नको. स्टेजवर खुर्ची दिली, नको, मी हितं खालीच बरा हाय. पहिलं नको रिवाजाचं. दुसरं नको समोरच्याला आग्रह करायला जागा ठेवायची म्हणून. तिसऱ्या खेपेला माणूस उसासा सोडायचा, "बरं बाबा, तुमच्या शब्दाखातर," आणि मग पंगतीत सगळ्यांच्या मागं उठायचा. हे नाटक होतं असं कोणी म्हटलं तर मला राग येतो. नाटक असलं तर गोड होतं. दोघांनाही आपापला शब्द ठाऊक असायचा आणि दोघंही तो नीट म्हणायचे.

मागच्या साली नातवाच्या वाढदिवसाला त्याच्या दोस्तांनी स्टँडसमोर डिजिटल बोर्ड लावलं. दोन पुरुष उंच फोटो, डोळ्यांवर गॉगल, खाली एवढ्या मोठ्या अक्षरात 'भावी उद्योजक'. नातू कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे, पोरगा कष्टाळू आहे, वाकडं बोलायला जागा नाही. मी त्याला विचारलं, "बाबा, भावी म्हंजे अजून झाला न्हाईस न्हवं?"

"न्हाय की आजोबा."

"मग आधीच लावून ठिवलंय?"

"आधीच लावायचं असतंय. लोकांच्या नजरंत बसाय लागतंय."

मी त्या डिजिटलखाली बराच वेळ उभा राहिलो. पोराची काही चूक मला दिसेना, आणि पसंतही पडेना. मग वाटलं, ती असती तर काय म्हणाली असती? ती म्हणाली असती, "बरं केलंय. मनात हाय ते लिवलंय." ती म्हणजे आमची मंडळी. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावात कोणी बाई तिच्याआधी भर सभेत 'मला पाहिजे' म्हणाली असेल तर मला माहीत नाही.

ती गडहिंग्लजच्या पलीकडची. माहेरचं गाव कर्नाटकाच्या बांधाला लागून. घरात आईला अव्वा, बहिणीला अक्का, आणि बोलण्यात निम्मं कानडी. तिच्या घरात दोनच शब्द होते, 'बेक' आणि 'ब्याड'. बेक म्हणजे पाहिजे, ब्याड म्हणजे नको. ज्यानं बेक म्हटलं त्याला मिळायचं, ज्यानं ब्याड म्हटलं त्याला कोणी परत विचारायचं नाही. सारी सरहद्द अशी आहे असं मी म्हणत नाही, पण ते घर असं होतं.

लग्न होऊन आली त्या पहिल्या पंगतीला आमच्या आईनं सगळ्या भावकीतल्या बायकांसमोर विचारलं, "भात घालू गं?"

"घाला," ती म्हणाली.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आईनं घातला. जरा वेळानं पुन्हा विचारलं, "आणखी?"

"घाला की."

एक चुलती पदर तोंडाला लावून म्हणाली, "वैनी, सून खात्या-पित्या घरची केलीसा!" सगळ्या खदखदल्या. आईचं तोंड उतरलं. पंगत उठल्यावर चुलीपाशी तिला फैलावर घेतली.

"नवी नवरी हाईस, एकदा तरी नको म्हणायचं की गं!"

"भूक लागली हुती."

"लागू दे की! भूक लागली तरी नको म्हणायचं. आमी वाढतोच."

"वाढणारच हाईसा तर मग नको कशाला म्हणायचं?"

शेवटी आई म्हणाली, "उलट बोलू नको." सोप्यात बसून मी हे ऐकत होतो आणि मिशीत हसत होतो.

माझं हसू फार दिवस टिकलं नाही. पहिल्या सणाला मी सासुरवाडीला गेलो. जावई म्हणून मटण केलेलं. सासूबाई हंडी घेऊन माझ्या ताटापाशी आल्या. मी आपल्या रीतीप्रमाणं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणालो, "नको, अव्वा." त्यांनी मान हलवली आणि हंडी घेऊन पुढं गेल्या. मी हात तसाच धरून बसलो. आता वळतील, मग वळतील. नळी मेव्हण्याच्या ताटात पडली. मी जिद्दीचा माणूस, उठून मागणं माझ्या रक्तात नाही. पाण्यावर ढेकर दिला आणि हात धुतले.

परतीच्या एसटीत गडहिंग्लज सोडल्यावर तिनं मांडीवर गठुळं सोडलं. भाकरी होती, वर सुकं मटण.

"घ्या. भूक लागली असंल."

"नको," मी फुगून म्हटलं.

"बरं," म्हणाली आणि गठुळं बांधायला लागली.

"अगं दे की हिकडं!"

ती जी हसायला लागली ती निपाणीपर्यंत हसत होती. डोळ्यांतनं पाणी. पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून मला म्हणाला, "पावणं, काय जादू केलीसा?" मी तोंड भरलेलं असल्यामुळं बोललो नाही.

अशी ही बाई. आमच्यात राहून तिला आमची रीत कळली नाही असं कोणी समजू नये. माझी पोरं झाली, सणवार झाले, सुनांना वाढायची वेळ आली. ती आलेल्या माणसाला तीनदा आग्रह करायची, नको म्हणणाऱ्याला वाढल्याशिवाय सोडायची नाही. फक्त तिच्या तोंडात 'नको' कधी बसलं नाही. पाहिजे असलं की पाहिजे म्हणायची. जत्रेत बांगड्या बघितल्या, "ह्या घ्या मला." म्हशी बघितल्या, "ही पायजे." आणि म्हशीत तिचा डोळा पक्का होता. मी लग्नसराईत गावोगाव फिरायचो, घर म्हशींवर चालायचं, म्हणजे तिच्यावर.

त्या वेळी आमच्या गावात एकच दूध संस्था होती, ती मोठ्या घरची. मोठं घर म्हणजे गावातलं सगळ्यांत मोठं शेत, सगळ्यांत मोठा गोठा आणि सगळ्या खुर्च्या ज्यांच्याकडं असायच्या ते घर. माणसं वाईट नव्हती. उभ्या गावाची लग्नं त्यांच्या मांडवाच्या कापडावर लागली. मग वरनं, दूध संघातनं, आलं की बायकांची वेगळी दूध संस्था काढायची, चेअरमनही बाईच पाहिजे. सभा ठरली देवळाच्या मंडपात. चेअरमन कोण, हे गावानं विचारायचीही गरज नव्हती. मोठ्या घरच्या थोरल्या काकी. सभा नावाला.

मी त्या सभेला आत होतो कारण आलेल्या साहेबांना फेटा बांधायचा होता. साहेब तरणा, नागपूरकडचा, बोलणं आमच्यापेक्षा निराळं. मी कापड उलगडलं तसा म्हणाला, "अहो, हे कशाला, नको ना," आणि मान खाली. म्हटलं, बरं आहे, एवढं तिकडंही सारखंच आहे. बांधून झाल्यावर मी खांबाजवळ कापडाच्या पिशव्या घेऊन बसलो. बाकीचे बाप्ये बाहेर कट्ट्यावर. काकींचे मालक, त्यांना सारं गाव आबा म्हणायचं, तेही बाहेरच, पण दाराच्या तोंडाशी.

साहेबांनी विचारलं, "चेअरमन कोणाला करायचं?"

बायकांनी माना खाली घातल्या. कोणी बोललं नाही. ही रीतच. जरा वेळ गप्प बसायचं, मग मागनं एकजण काकींचं नाव घेणार, काकी नको म्हणणार, मग दुसरी म्हणणार, असं चालणार. त्या गप्पगार मांडवात आमची मंडळी उभी राहिली.

"मला व्हायचंय," ती म्हणाली.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. ती तशीच उभी. लालही झाली नाही.

"मला म्हशीतलं कळतंय. हिशेब पोरगी लिवंल. मला चेअरमन व्हायचंय."

साहेबही जरा हसला, पण म्हणाला, "बाई, स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. सूचक लागतो. दुसऱ्या कोणी नाव सुचवायला पाहिजे."

म्हणजे बघा, नियमसुद्धा आमच्याच रीतीचा. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडातनं यायला पाहिजे.

तेवढ्यात पुढच्या बाईनं घाईनं काकींचं नाव घेतलं. साहेब काकींकडं वळला, "काकू, तुमची तयारी आहे?"

काकी हिरव्या लुगड्यात, नाकात नथ, पुढच्या जमखान्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि रीतीप्रमाणं म्हणाल्या, "नको गं बाई, मला कशाला. हितं सगळ्या शाण्या हाईत."

पहिलं नको. आता दुसरं विचारायचं. सगळ्या बायकांनी आग्रह करायला तोंड उघडलं, आणि त्यांच्याआधी आमची मंडळी म्हणाली,

"त्या नको म्हणाल्या साहेब. माझं लिवा."

साहेबानं मान हलवली. त्याला वाटलं, बाई नको म्हणतात म्हणजे नको. "काकूंची तयारी नाही," त्यानं मोठ्यानं म्हटलं आणि प्रोसिडिंगवर पेन टेकवला. "मग ह्या बाईंना सूचक कोण?"

दाराशी आबा उठून उभे राहिले. मग मागनं, पार खांबाच्या आडनं, एका म्हातारीचा आवाज आला. नवरा नाही, पोर नाही, एक म्हैस तेवढी. ती म्हणाली, "मी म्हणते की. घाला तिचं. सभंत मागाय धाडस लागतंय." तिच्या शेजारच्या पोरीनं अनुमोदन दिलं. आणि काकींना दुसऱ्यांदा नको म्हणायची संधी मिळाली नाही. आबा आत येईपर्यंत साहेबाची सही झालेली.

मी माझ्या आयुष्यात बरेच सत्कार बघितले, पण असलं काही बघितलं नव्हतं. आत कुठंतरी मोरासारखा पिसारा फुलला होता, पण आबांकडं न बघता मी पिशव्या आवरायला लागलो.

मग जे व्हायचं ते झालं. गावानं तिला नाव ठेवलं. हावरी. खुर्चीला हपापलेली. पाणवठ्यावर, दळपाच्या गिरणीत, सगळीकडं तेच. "बाई असून मागितलं गं बाई!" मी चिडायचो. मी इतकी वर्षं गावभर म्हणत आलो की माझ्यासारखा फेटा कोण बांधत नाही, मला कोणी हावरा म्हटलं नाही. बाप्यानं म्हटलं की रग, बाईनं म्हटलं की हाव. मी हे कट्ट्यावर उभा राहून बोललो. कट्ट्यावरनं एक उठला आणि म्हणाला, "तुमच्या घरात आता फेटा कोण बांधतंय, मालक? तुमी का त्या?" ह्यावर सगळे हसले. मी त्याच्याशी मरेपर्यंत बोललो नाही. तो मेला, मी आहे.

त्या लग्नसराईत मोठ्या घरात लगीन होतं. निरोप आला नाही. फेटेवाला कोल्हापुरातनं आणला. वरात आमच्या दारावरनं गेली आणि मी दारात खुर्ची टाकून एकेक फेटा बघितला. सैल होते. दोन तर देवळापर्यंत सुटले. त्या रात्री मला झोप गोड लागली.

तिचं मात्र खरंच अडलं होतं. मोठ्या घरानं आपलं दूध जुन्याच संस्थेला ठेवलं. त्यांच्यामागं भावकीनं, भावकीमागं वाटेकऱ्यांनी. बायका तिला दारात म्हणायच्या, "व्हय, घालू की उद्यापासनं," आणि उद्या यायचा नाही. तिच्या संस्थेत कॅन अर्ध्यालाच थांबायचा. न्यायला येणारा टेम्पोवाला म्हणाला, "वैनी, एवढ्यासाठी हिकडं गाडी वळवायची म्हंजे परवडत न्हाय. साहेब म्हणत्यात, असंच राहिलं तर संस्था मिटवायची." म्हणजे खुर्ची मिळाली तशी जाणार, आणि गाव म्हणणार, बघा, मागून घेतल्यावर असंच होतं.

ती दारोदार जायची. बाकी कोणी गेलं असतं तर आडवळणानं बोललं असतं, इकडचं तिकडचं, मग निघताना दाराशी विषय. ही दारात उभी राहूनच म्हणायची, "मला तुझं दूध पायजे. घालतीस का न्हाय ते सांग." कुणी घालायला लागली, कुणी दार लावून घेतलं. दार लावलेल्या घरी ती परत जायची. मी म्हटलं, "अगं, तोंडावर नको म्हणाल्यावर परत कशाला जातीस? तुझ्या माहेरी तर एकदाच इचारत्यात."

"हितल्या बायका नको म्हणत्यात ते खरं नसतंय, हे तुमीच शिकिवलंय न्हवं मला," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की त्या सभेत तिला सगळं कळत होतं.

एका दुपारी काकी आमच्या घरी आल्या. मोठ्या घरची बाई आमच्या सोप्यावर कधी चढली नव्हती. मी फेट्यांची कापडं घड्या घालत बसलो होतो, उठून आत जायला निघालो तर काकीच म्हणाल्या, "बसा. तुमच्यापासनं काय लपवायचं हाय?" आमची मंडळी गोठ्यातनं शेणाच्या हातानं आली. हात धुतले, घोंगडं अंथरलं.

काकी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "एकच इचारते. मी नको म्हणत हुते ते कशासाठी, तुला कळलं न्हवतं व्हय?"

"कळलं हुतं."

"मग?"

"तुमाला पायजे हुतं तर पायजे म्हणायचं, काकी. मी गप बसले असते."

"आमच्यात तसं म्हणत न्हाईत गं." काकींचा आवाज एकदम खाली आला. "माझं सारं आयुष्य गेलं. मला काय पायजे म्हणून मी कवा म्हणालेच न्हाय. दुसरं कोणतरी म्हणायचं, मी नको म्हणायचं, मग मिळायचं. तू मला दुसऱ्यांदा इचारू दिलं न्हाईस."

"तुमाला दुसऱ्यांदा इचारायला सारं गाव हुतं," ती म्हणाली. "मी नको म्हणाले असते तर मला कोण इचारणार हुतं? मला पयल्यांदाच कोण इचारलं न्हाय."

हे तिनं भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. पण मी घडी घालता घालता थांबलो. मी ज्यांना फेटे बांधत आलो ते सगळे असेच, ज्यांना दुसऱ्यांदा विचारणारं कोणीतरी होतं. नको म्हणायला मागं माणसं लागतात. आमच्या रीतीतला हा भाग माझ्या कधी ध्यानात आला नव्हता.

आता काकी घोंगड्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या मुदतीला मला पायजे."

"काय?"

"चेअरमन. मला पायजे."

शब्द त्यांच्या घशातनं असा निघाला जसा काटा निघतो.

"मग असं माझ्या सोप्यात सांगून न्हाय चालायचं," आमची मंडळी म्हणाली. "सभंत म्हणायचं. सगळ्यांसमोर, तुमच्या मालकांसमोर. आणि मीबी उभी ऱ्हाणार. सोडणार न्हाय."

"सोडू नको," काकी म्हणाल्या. जाताना चहा विचारला तर म्हणाल्या, "दे." आणि दोघी हसल्या. मला मात्र कोणी हसायला बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या घरचं दूध आलं. काकींचा स्वतःचा गोठा होता, माहेरनं आलेल्या म्हशींचा. आबांना काय सांगितलं, काय झालं, ते त्यांच्या घरातलं. पण ते दूध आलं तसं मागनं भावकी आली. कॅन भरला, मग दुसरा लागला. टेम्पो नीट वळायला लागला. तिची संस्था टापूत नावाजली. ती बायकांना दाराशी उभं करून चारा कसला घालावा ते सांगायची, दुधात पाणी सापडलं तर सगळ्यांसमोर म्हणायची, नात्यातली असली तरी. चेअरमन म्हणून तिला खुर्ची दिली की बसायची. "नको नको" नाही. बायका तिच्यावर चिडायच्या आणि दूध तिच्याकडंच घालायच्या. ती वर्षं आठवली की मला अजून तिच्या पदराला येणारा म्हशीचा आणि दुधाचा वास येतो.

मुदत संपली. पुन्हा देवळाचा मंडप. साहेब दुसरा. पण फेटा मीच बांधायला. ह्या वेळी मंडप भरलेला. पुन्हा तीच शांतता, माना खाली. आणि पुढच्या जमखान्यावरनं काकी उठल्या.

आबा दाराशी होते. काकींनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. नथ हलत होती एवढं मला दिसलं.

"मला चेअरमन व्हायचंय," त्या म्हणाल्या.

ह्या खेपेला कोणी हसलं नाही. त्याहून वाईट, कोणी काही बोललंच नाही. साहेब म्हणाला, "सूचक?" बायका आमच्या मंडळीकडं बघायला लागल्या. इतकी वर्षं तिनं संस्था उभी केलेली. तिच्या तोंडावर दुसरीचं नाव कोण घेणार? भावकीतल्यासुद्धा बोलेनात. काकी तशाच उभ्या. त्यांनी मागितलं होतं आणि कोणी देईना. मोठ्या घरच्या बाईवर तशी वेळ आलेली मी कधी बघितली नव्हती. त्यांच्या हातातला पदर चुरगळत चालला होता.

"मी," आमच्या मंडळीनं हात वर केला. "काकींना सूचक मी."

साहेब गोंधळला. "पण तुम्ही स्वतः उभ्या आहात ना?"

"हाय की. माझं नाव कोणतरी घेईल. हिचं कोण घीना झालंय."

तिचं नाव म्हातारीनं घेतलं, तीच एका म्हशीवाली. हात वर करून मोजणी झाली. आधी आमच्या मंडळीला हात वर झाले. मग काकींना. मी खांबाशी उभा राहून ओठ हलवत मोजत होतो आणि मला कळलं. थोडक्यात, पण आमचं गेलं.

घरात आल्यावर मी कापडाची पिशवी भिरकावली. "सूचक व्हायचं काय नडलं हुतं? गप बसली असतीस तर सभा तुझीच हुती!"

"व्हय की."

"मग? एवढं नाव केलंस, एवढ्या शिव्या खाल्ल्यास!"

"अवं, तिनं मागितलं," ती म्हणाली. "मीबी मागितलं. बायकांनी तिला दिलं. मला राग आलाय, न्हाय असं न्हाय. पर तिला तशी उभी ठिवायची मला जमंना." मग तिनं डोळे पुसले, उघड, पदर तोंडाला न लावता. "मला पायजे हुतं वो," म्हणाली.

मी तिच्याजवळ बसलो. मला तिला सांगायचं होतं की आजवर बांधलेल्या सगळ्या डोक्यांत मला तिचं डोकं मोठं वाटलं. ते काही मी बोललो नाही. आम्ही बोलणारी माणसं, पण असलं बोलायची सवय नाही.

सकाळी ती नेहमीसारखी किटली घेऊन संस्थेत गेली. चेअरमन म्हणून नाही, रांगेत. मी दारात दात घासत होतो. संस्था आमच्या घरापासनं हाकेच्या अंतरावर. जरा वेळानं तिकडनं आवाज आला.

"फॅट कमी लागलीय तुझी," काकींचा आवाज. "काय घातलंस म्हशीला?"

"तुमचं मशीन नीट बघा आधी!"

"मशीन काय तुझ्या आज्जाचं हाय? कालपर्यंत बरं हुतं, आज मी बसल्यावर बिघडलं?"

"व्हय, तू बसल्यावरच बिघडलं!"

"तू कुणाला म्हणतीस गं?"

"तुलाच म्हणते! परत लाव! माझ्यासमोर लाव!"

रांगेतल्या बायका हसत होत्या. मोठ्या घरच्या काकींना गावात कोणी 'तू' म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि त्या उलट 'तूच ये आत आणि लाव' म्हणून ओरडत होत्या. आवाज देवळापर्यंत जात होता. मी चूळ भरायची विसरून, तोंडात मिश्रीचं बोट घेऊन, तसाच दारात ऐकत उभा राहिलो.